सगळ्यांना दाखवा, सगळ्यांकडून तपासून घेऊ नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

देवगड तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करणाऱ्या ताईंनी लिहिलं आहे. संस्था हापूस बागायतदारांसाठी, त्यातही मुंबईची नोकरी सोडून घरच्या बागेकडे परतलेल्या तरुणांसाठी, ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करते आहे. वीस व्हिडिओ पाठ ठरले होते, दीड वर्षात चार बाहेर पडले. प्रत्येक पाठ आठ जण बघतात: निवृत्त कृषी अधिकारी असलेले सर, दोन जुने बागायतदार, भाषा तपासणाऱ्या निवृत्त शिक्षिका, संस्थेचे अध्यक्ष, मुंबईतले देणगीदार, पुण्याहून ग्राफिक्स करणारी मुलगी आणि स्वतः ताई. सूचना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, बऱ्याचशा व्हॉइस नोटमधून. एक म्हणतो संगीत वाढवा, दुसरा म्हणतो काढून टाका. सर रात्री जेवणानंतर फोनवर सांगतात. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’ अशा फाइलींच्या गर्दीत एकदा भलतीच फाइल अध्यक्षांकडे गेली. कुडाळचा एडिटर मुलगा काम सोडायच्या बेतात आहे. कलटारचा, म्हणजे चांगला मोहोर यावा म्हणून आंब्याला देतात त्या औषधाचा, पाठ गेल्या पावसाळ्यात चित्रित होऊन अजून अडकलेला आहे आणि यंदाचा जुलै तोंडावर आला आहे. ताई विचारतात: ‘सरांना आणि देणगीदारांना वाईट न वाटता तपासणीतून कसं वगळू? की एखादं चांगलं सॉफ्टवेअर घेतलं की हे सगळं सुटेल?’

ताई,

सरांना वगळू नका. सॉफ्टवेअरही इतक्यात घेऊ नका. दोन्ही उत्तरं अशी तुमच्या पदरात टाकून मोकळी होत नाही, कारण सांगते.

तुमच्या यादीतल्या प्रत्येकाच्या नावापुढे मी एकच प्रश्न लिहिला: ह्यांनी हा पाठ पाहिलाच नाही, तर पाठात नेमकं काय चुकीचं जाईल? सरांपुढे उत्तर लगेच आलं. औषधाची मात्रा चुकेल. बागायतदारांपुढेही आलं: कागदावर बरोबर आणि बागेत अशक्य असं काहीतरी शिकवलं जाईल. बाईंपुढे आलं: पडद्यावरच्या पाटीत चुका राहतील. अध्यक्षांपाशी पेन जरा अडखळलं आणि देणगीदारांपाशी थांबलंच. तिथलं खरं उत्तर ‘त्यांना वाईट वाटेल’ हे आहे. हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे चार माणसांनी मिळून केलेलं काम वाईट वाटण्यावरूनच मोडतं. पण मान राखण्यासाठी दाखवणं आणि चूक सापडावी म्हणून दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही ती एकाच ग्रुपवर, एकाच वेळी, एकाच फाइलवर करता. लग्नाच्या पत्रिकेत सगळ्या काकांची नावं घालतात, पण मुहूर्त काही सगळ्या काकांना विचारून काढत नाहीत.

आता दुसरं गृहीतक. तुम्ही लिहिता, ‘सूचनाच फार येतात.’ येणारच. तुम्ही पाठ पाठवून खाली लिहिता, ‘कसं वाटलं ते कळवा.’ कसं वाटलं असं विचारल्यावर माणूस वाटलेलंच सांगणार. संगीत, रंग, सरांच्या शर्टाचा रंग, मागून गेलेली कोंबडी. आणि ज्याला काहीच वाटलं नाही तोसुद्धा, आपण नीट बघितलं हे दिसावं म्हणून, काहीतरी लिहितो. ग्रुपवर सात जणांनी काही ना काही सुचवल्यावर आठव्यानं ‘ठीक आहे’ म्हणणं म्हणजे हजेरी न लावल्यासारखंच. मग गजाली सुरू होतात.

एक काम करा. शेवटी बाहेर पडलेल्या पाठावर आलेल्या साऱ्या सूचना, व्हॉइस नोटसकट, एका वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहा. ‘च’ म्हणजे चूक: माहिती खोटी आहे. ‘अ’ म्हणजे अडतंय: माहिती खरी आहे, पण शिकणाऱ्याला कळणार नाही किंवा करता येणार नाही. ‘आ’ म्हणजे आवड. दुपारभराचं काम आहे, पण ते न करता पुढचं काहीही ठरवू नका. माझा अंदाज असा की ‘आ’चा ढीग सगळ्यांत मोठा निघेल, आणि पाठ ज्या एकदोन ‘च’मुळे खरोखर अडकायला हवा होता ते त्या ढिगाखाली दबलेले असतील. अंदाज चुकला तरी हरकत नाही. ‘च’ जास्त निघाले तर तुमची अडचण तपासणीत नाही, संहितेत आहे, आणि तेही कळलेलं बरं.

संहितेबद्दल तुमच्या पत्रात एक ओळसुद्धा नाही. मला सगळ्यांत जास्त तेच खटकलं. सर काय बोलणार हे कॅमेरा लावल्यावर ठरतं, ते बरोबर आहे की नाही हे एडिट झाल्यावर. मग चुकीची मात्रा दुरुस्त करायची तर पुन्हा सर, पुन्हा बाग, पुन्हा कॅमेरा. शहरातल्या स्टुडिओत हे निभावतं. आपल्याकडे विषयच असा की झाड थांबत नाही. मोहोरावरच्या तुडतुड्यांचा पाठ थंडीत मोहोर असतानाच चित्रित होणार. त्यातलं एक दृश्य चुकलं आणि ते मार्चमध्ये लक्षात आलं, तर पुढच्या मोहोरापर्यंत वाट बघा. वर्षाला एकदाच येणाऱ्या विषयाची तपासणी चित्रीकरणानंतर सुरू करून चालत नाही. ती कागदावर संपायला हवी.

म्हणून तपासणीचा मोठा भाग पुढे ओढा. प्रत्येक पाठाची दोन रकान्यांची संहिता लिहा, डावीकडे काय दिसणार आणि उजवीकडे काय ऐकू येणार. ती छापा, मोठ्या अक्षरात. सरांना फोनवर फाइल पाठवू नका, घरी जाऊन पडवीत बसा, छापील कागद आणि लाल पेन पुढे ठेवा. त्यांची रात्रीची फोनाफोनी मला त्रासदायक सवय वाटत नाही. त्यांना बोलून सांगता येतं, टाइप करून नाही, एवढंच. बोलू द्या, लिहून तुम्ही घ्या. संहितेच्या प्रत्येक पानावर त्यांची सही घ्या. सही मागितली म्हणून सर रागावतील असं तुम्हाला वाटेल. ज्यांनी आयुष्य सरकारी फायलींत काढलं त्यांना सहीचा अर्थ तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला कळतो.

सरांशी बोलताना ‘तुमच्यावरचं काम कमी करतोय’ असं चुकूनही म्हणू नका. ‘सर, औषधं, मात्रा आणि वेळ ह्यांवर शेवटचा शब्द तुमचा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पाठ बाहेर जाणार नाही. संगीत आणि रंग मात्र आमच्या पोरांवर सोडा,’ असं म्हणा. त्यांचं क्षेत्र लहान होतं, पण अधिकार वाढतो. आज त्यांना सगळ्यावर मत देता येतं आणि कशावरच निर्णय देता येत नाही. रात्रीचे फोन त्यातूनच येत असावेत.

सर आणि बागायतदार ह्यांचं जमलं नाही तर काय, हा पुढचा प्रश्न. तो येणारच. सर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस सांगणार आणि बागायतदार काका म्हणणार, ‘आमी असां कधी करूक नाय.’ ह्याचा निवाडा प्रत्येक पाठात नव्यानं करत बसू नका, आधीच वाटणी करा. औषध, मात्रा, फवारणीची वेळ आणि काढणीआधी सोडायचे दिवस ह्यांत विद्यापीठाची शिफारस आणि औषधाच्या लेबलावरचा मजकूर हेच प्रमाण. कीटकनाशकांना १९६८चा कायदा लागू आहे आणि कोणतं औषध कोणत्या पिकावर चालतं हे ‘लेबल क्लेम’वर, म्हणजे त्या औषधाच्या लेबलावर मंजूर असलेल्या वापरावर, ठरतं. तिथे अनुभवाला जागा नाही, मग तो कितीही वर्षांचा असो. आंबा बाहेरदेशी पाठवणाऱ्याचा माल औषधाच्या अंशावरून परत येऊ शकतो, हे काकांनाही माहीत असतं. उलट झाडावर कसं चढायचं, झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) कसा धरायचा, देठ कुठे मोडतो, पेटीत पेंढा किती घालायचा, ह्यात काकांचा शब्द शेवटचा. विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ दाखवणारा पाठ असला तरी तो हातात धरून दाखवणारा आणि तपासणारा माणूस काकाच हवा. आणि जिथे दोघांचंही खरं आहे तिथे पाठातच सांगा: शिफारस अशी आहे, इथले काही बागायतदार असं करतात, कारण हे. शिकणारा तरुण मूर्ख नाही, त्याला दोन मतं पेलतात.

बाईंविषयी थोडं अवघड बोलते. त्यांनी काकांच्या तोंडचं ‘चौदा आणे’ काढून ‘पंच्याऐंशी टक्के परिपक्व’ घालायला लावलं, असं तुम्ही लिहिलंय. बाईंचा हेतू चांगला आहे, पण ती त्यांची हद्द नव्हे. पडद्यावरची अक्षरं बाईंची, तोंडातले शब्द काकांचे. आठ वर्षं कांदिवलीत काढून आलेल्या मुलाला चौदा आणे म्हणजे काय हे उमजत नसेल, तर त्यावर उपाय म्हणजे खाली पाटी आणि शेजारी तयार फळाचं जवळून घेतलेलं चित्र. बागेत गडी त्याला ‘चौदा आणे’च सांगणार आहे. तो शब्द त्यानं अभ्यासक्रमातच ऐकलेला बरा.

एक धोका मात्र तुमच्या आठही जणांच्या नजरेतून सुटेल, कारण तुम्ही सगळे देवगडच्याच बाजूचे. विक्रीच्या पाठाच्या मसुद्यात ‘भौगोलिक मानांकन मिळालेला खरा हापूस फक्त देवगडचा’ असं वाक्य आहे, असं तुम्ही कौतुकानं कळवलंत. २०१८मध्ये हापूसला मिळालेलं मानांकन सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांसाठी आहे. हे वाक्य आठ जणांनी पाहिलं आणि आठही जणांना आवडलं! एकाच गावच्या माणसांनी आठदा तपासलं तरी ती तपासणी एकदाच झालेली असते. आठातले दोन कमी करा आणि राजापूर किंवा अलिबागकडचा एक बागायतदार जोडा. तोही संहितेपुरताच.

आवडीच्या भांडणाचं काय? ते दाबू नका, एकदाच होऊ द्या. एक पाठ नमुना म्हणून निवडा. त्यात सुरुवातीची पाटी, अक्षरांचा आकार, संगीत, संस्थेचं आणि देणगीदारांचं चिन्ह कुठे आणि किती सेकंद, सर उभे की बसलेले, हे सगळं असू द्या. सगळ्यांना एकत्र बोलवा, चहा-पोहे करा, पाठ मोठ्या पडद्यावर लावा आणि वाटेल ते बोलू द्या. अध्यक्षांना आणि देणगीदारांना मान द्यायची जागा हीच. संध्याकाळपर्यंत जे ठरेल ते एका कागदावर लिहून सगळ्यांना पाठवा आणि उरलेल्या पाठांसाठी तो विषय बंद. पुढे कुणी संगीताबद्दल म्हणालं, तर नमुन्याच्या कागदाकडे बोट दाखवायचं. देणगीदारांना नंतर प्रत्येक पाठ पाठवायची गरज नाही. चारपाच पाठांचा संच तयार झाला की दाखवा, आणि पाठवतानाच लिहा: ‘आपलं नाव आणि चिन्ह बरोबर आहे ना, एवढं पाहून कळवावं.’ पैसे देणाऱ्याला काय बघायचं हे सांगितलेलं बहुधा आवडतं, त्याचाही वेळ वाचतो.

आता संहितेनंतरची तपासणी. ती अगदीच थोडी उरते.

चित्रीकरणाच्या दिवशी एकानं फक्त कागद घेऊन उभं राहायचं आणि बोललेलं वाक्य लिहिलेल्याशी ताडायचं. दुसऱ्यानं हेडफोन लावायचे. सड्यावरच्या बागेत वारा माइकमध्ये असा घुसतो की घरी आल्यावर काहीच करता येत नाही. डोळ्यांनी सगळं छान दिसत असतं म्हणून तिथे कुणाच्या लक्षात येत नाही. सामान आवरायच्या आधी तिथेच दोन मिनिटं ऐकून पाहायचं.

पहिली कच्ची जोडणी दोघांनीच बघायची, तुम्ही आणि ज्यांचा विषय आहे ते, सर किंवा काका. त्यात संगीत नको, रंग नको, सजवलेल्या पाट्या नकोत. कच्चं दिसलं की माणूस क्रमाबद्दल आणि आशयाबद्दल बोलतो. सजवलेलं दिसलं की सजावटीबद्दल बोलतो. इथेच टीमबाहेरचा एक खरा शिकणारा हवा. त्याला ‘समजलं का’ विचारू नका, तो हो म्हणेल, तुमचा चहा प्यालाय बिचारा. पाठ दाखवा, झेला हातात द्या आणि म्हणा, ‘आता काढ बघू दोन आंबे.’ तो जिथे अडखळेल तिथे पाठात फट आहे. आणि हे त्याच्या फोनवर, अंगणातल्या उन्हात बघा. एडिटरच्या पडद्यावर सुरेख दिसणारी बारीक अक्षरं दुपारी बागेत नाहीशी होतात.

शेवटची तपासणी एकाच माणसाची, आणि तीही ठरलेल्या कागदावर खुणा करत: आकडे, नावं, शुद्धलेखन, आवाज सगळीकडे सारखा आहे ना, खालच्या ओळी बोलण्याशी जुळतात ना, सुरुवात-शेवट कापला गेलेला नाही ना. हे बाईंना द्या. वह्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातून आकडा सुटत नाही.

सूचना लिहायची रीत बदलली तर एडिटर मुलगा बहुधा राहील. ‘कलटारचं नीट आलं नाही’ ही सूचना नव्हे, तक्रार आहे. सूचना अशी: ‘३ मिनिटं ४२ सेकंद. पाटीवर “३ मिली प्रति झाड” आलंय. बोलण्यात “झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला, दर मीटरला ३ मिली” असं आहे. बोलणं बरोबर, पाटी बदला.’ वेळ, काय चुकलं, काय हवं. हे उदाहरण मुद्दाम घेतलं. पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे कलटारमधलं औषध, झाडाच्या विस्तारावर मोजून द्यायचं असतं. पाटी तशीच गेली असती तर आठ मीटर पसरलेल्या झाडाला २४ मिलीऐवजी ३ मिली पडलं असतं आणि पुढच्या वर्षी तुमच्या अभ्यासक्रमाचं नाव घेऊन कुणी ओरडलं असतं. अशी एक सूचना संगीतावरच्या तीस सूचनांएवढी मोलाची. ती व्हॉइस नोटमध्ये हरवू नये म्हणून हा खटाटोप.

सगळ्या सूचना तुमच्याकडे यायच्या, एडिटरकडे नाही. परस्परविरोधी असतील तर तुम्ही निवाडा करायचा, आणि मगच एक यादी त्याच्याकडे. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे तो ‘झालं’ किंवा ‘केलं नाही, कारण’ लिहील. एवढं करायला गूगल शीट पुरते. फेऱ्या दोनच, कच्च्या जोडणीची एक आणि शेवटची एक. तिसरी लागली तर तिचे पैसे वेगळे, आणि ते संस्थेनं द्यायचे. फुकटात मिळणाऱ्या फेऱ्या कधी संपत नाहीत, हे अध्यक्षांना पहिल्या बिलात कळेल. मुदतही लिहून द्या: गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर मान्य धरू. फक्त औषधाच्या पाठांना हा नियम लावू नका. तिथे सरांचा स्पष्ट होकार हवाच, गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे.

सॉफ्टवेअरचं आता बोलू. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते. तुमच्या ग्रुपवरच्या ‘चित्र धुरकट आहे’ ह्या सूचना बहुधा व्हॉट्सअ‍ॅपमुळे आहेत, एडिटरमुळे नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर दर्जा राहतो, पण जड फाइल आपल्या नेटवर्कवर उतरवणार कोण? सोपा मार्ग यूट्यूबचा. पाठ ‘अनलिस्टेड’ करून चढवा आणि लिंक द्या. ज्याला लिंक आहे त्यालाच तो दिसतो, नेट कमी असेल तर कमी दर्जात चालतो, आणि खाली टिप्पणीत ३:४२ असं लिहिलं की त्यावर बोट ठेवून थेट त्या जागी जाता येतं. ‘प्रायव्हेट’ करू नका, त्यावर टिप्पणी लिहिताच येत नाही. फ्रेम डॉट आयओ (ती २०२१मध्ये अडोबीनं विकत घेतली) किंवा व्हिमिओ ह्यांसारख्या सेवांवर चित्र थांबवून नेमक्या जागी सूचना लिहिता येते, फ्रेम डॉट आयओवर तर चित्रावर रेघही ओढता येते. छान आहेत. पण शेवटचा शब्द कुणाचा हे न ठरवता ती घेतलीत, तर हेच भांडण जास्त सुवाच्य होईल. शिवाय सर त्यात लॉगइन करणार नाहीत, हे आपल्या दोघींना माहीत आहे. आधी एक संच शीट आणि यूट्यूबवर काढा, मग गरज वाटली तर बघा.

यूट्यूबचा एक नियम आधीच लक्षात घ्या: चढवलेला व्हिडिओ कापता येतो, पण त्याच लिंकवर दुरुस्त फाइल बदलून ठेवता येत नाही. नवी चढवली की लिंक नवी, पाहिल्याचे आकडे नवे. औषधांच्या शिफारशी तर बदलत राहतात. म्हणून बदलणारी माहिती बोलण्यात गुंतवू नका. फवारणीचं वेळापत्रक आणि मात्रांचा तक्ता पाठासोबत जोडलेल्या वेगळ्या कागदावर द्या, त्यावर तारीख घाला, आणि पाठात ‘सोबतचा तक्ता पाहा’ एवढंच म्हणा. कसं मोजायचं, कसं ओतायचं, का करायचं हे टिकतं, ते व्हिडिओत राहू द्या. २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ ह्या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांची रचना पाहा: व्हिडिओ हा चारांतला एक भाग, बाकीचे वाचायचा मजकूर, चर्चा आणि स्वतःची परीक्षा. ‘हेही घाला, तेही घाला’ ह्या तुमच्याकडच्या सूचनांचं उत्तर इथे आहे. घालू, पण व्हिडिओत नाही, सोबतच्या मजकुरात.

पाठांची लांबी तुम्ही वीस-बावीस मिनिटं लिहिलीय. एवढा पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत कान देऊन तपासणारा माणूस मिळणं कठीण. तुमच्या सूचना बघा, पहिल्या दहा मिनिटांवरच जास्त असतील. फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये एडेक्स ह्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांचा अभ्यास केला. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सर्वांत जास्त धरून ठेवतात, असं त्यांना आढळलं. ते मोठ्या विद्यापीठांचे विद्यार्थी होते, आपले बागायतदार नव्हेत, म्हणून सहाचा आकडा गंडा बांधून पाळू नका. पण बावीस मिनिटांचा पाठ तीन तुकड्यांत केलात, तर एका तुकड्यातल्या चुकीमुळे बाकीचे दोन अडकणार नाहीत, आणि उरलेले सोळा पाठ अडकल्याचा तुमच्या डोक्यावरचा भारही उतरेल.

वेळापत्रक मुंबईच्या कॅलेंडरवर आखू नका. पावसात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर संहितांचं काम करा. कागद आणि पेन्सिल विजेशिवाय चालते. गणपतीत कुणी काही तपासणार नाही, आशाच ठेवू नका. थंडीत मोहोराचं चित्रीकरण. एप्रिल-मे काढणीचं चित्रीकरण तेवढं करा. तेव्हा काकांना तपासायला बसवणं म्हणजे पेट्या भरणाऱ्या माणसाला सिनेमा दाखवणं. शिमग्याचे दिवस वगळा.

आणि कलटारचा पाठ. तो जुलै-ऑगस्टमध्येच वापरायचा, म्हणजे पुढच्या काही आठवड्यांत बाहेर आला नाही तर पुन्हा वर्षभर कपाटात. त्याला वरची सगळी पद्धत लावायला थांबू नका. आतापर्यंतच्या सूचनांतून फक्त ‘च’च्या ओळी वेगळ्या काढा. त्या आणि बोललेला मजकूर छापून ह्याच आठवड्यात सरांकडे जा, सही घ्या. बोलण्यात चूक निघाली तर सरांचा आवाज घरीच, पंखा बंद करून, फोनवर पुन्हा ध्वनिमुद्रित करा आणि वर झाडाचं दृश्य चालू ठेवा, नव्या चित्रीकरणाची गरज नाही. पाट्या पुण्याची मुलगी बदलेल. संगीताचं जे आहे ते राहू द्या. ग्रुपवर पाठवायचा तो बाहेर पडल्यावर, अभिनंदनासाठी.

कुडाळच्या मुलाला मात्र त्याआधी फोन करा. आतापर्यंतच्या जास्तीच्या फेऱ्यांचे काही पैसे देणं लागतं का, ते त्यालाच विचारा.